पिल्लांची बारनिशी

इ. स. १८४० च्या मे महिन्यात इंग्लंडात जे पहिले चिकटवायचे टपाल-तिकीट चालू झाले, त्यावरील राणीचे मुखचित्र तिच्या त्या वेळच्या वयाचे नव्हते, ही गोष्ट तिकिटे जमविणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते; परंतु या गोष्टीपाशी थबकून विचार करणारे माझ्या पाहण्यात एकच गृहस्थ आले, आणि प्रस्तुत पुस्तक त्यांचेच आहे. व्हिक्टोरिया पंधरा वर्षांची राजकन्या असताना विल्यम वायन या पदककाराने तिचे एक रेखाटन केले होते. १८३७ साली तिच्या लंडन शहराच्या भेटीप्रीत्यर्थ जे पदक पाडले गेले ते त्या रेखाटनावरून, आणि तिकिटाचा ठसा कोरला गेला तो त्या पदकावरून. पुढे ही मुलगी नऊ अपत्यांची माता झाली, विधवा झाली, हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून तिच्या नावाची द्वाही फिरली, नातवंडा-पतवंडांनी तिचा वाडा भरला. पण १९०१ साली तिने डोळे मिटले त्या दिवशीही विलायतेतील पत्रांवर तीच पंधरा वर्षांची राजकन्या, केस मागे बांधून, डावीकडे तोंड करून बसलेली होती. तिकिटाला ही खोड जन्मापासून लागली आहे, असे माझे स्नेही म्हणतात. ते ज्याचे जे वय एकदा धरते ते सोडीत नाही. आणि म्हणून कोणत्याही तिकिटास विचारण्याजोगा पहिला प्रश्न ‘तू कोणत्या देशाचे?’ हा नसून ‘तुझ्यावरील जीव किती दिवसांचा?’ हा आहे.

या प्रश्नाच्या पायी त्यांनी आपला सारा संग्रह उलटापालटा करून टाकला. त्यांचे नाव मुखपृष्ठावर आहेच. प्रस्तावनेत ते पुन्हा घालू नये अशी त्यांची सक्त ताकीद असल्यामुळे मी ते येथे घालीत नाही. नोकरी त्यांनी रेल्वेच्या टपाल-डब्यात केली, रात्रीच्या रात्री उभे राहून पत्रे गावोगावच्या खणांत टाकण्याची. आणि पेन्शनीत निघाल्यावर जो छंद त्यांनी धरला त्यात खण बदलले, हात तोच राहिला. संग्राहकांची रूढ वहिवाट अशी की, तिकिटे देशवार लावावीत, देशात वर्षवार, वर्षात किंमतवार, आणि मग कडेचे दाते मोजीत व कागदातील जलचिन्ह न्याहाळीत उरलेले आयुष्य काढावे. आमच्या स्नेह्यांनी ही वहिवाट मोडून वन्य प्राण्यांच्या पिल्लांची तिकिटे तेवढी वेगळी काढली आणि ती वयवारीने लावली : एक दिवसाचे पिल्लू पहिल्या पानावर, आईला सोडून निघालेले अखेरच्या. जाणकारांच्या मंडळात यावर बरीच कुरकुर झाली. एका वृद्ध सभासदांनी तर ‘ही तिकिटांची वही नव्हे, ही म्युनिसिपालिटीची जन्मनोंद झाली’ असा शेरा मारला, आणि ग्रंथकर्त्यांनी तो प्रशंसा म्हणून स्वीकारून आपल्या वहीवर ‘बारनिशी’ असे मोठ्या अक्षरांत लिहून टाकले.

हे काम वाटते तितके सोपे नाही, कारण भाषाच येथे अर्ध्या वाटेत साथ सोडते. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू. गोठ्यातल्या प्रत्येक लेकराला मराठीने स्वतंत्र नाव दिले, कारण त्याची खरेदी-विक्री व्हायची होती. रानात शिरताच हा उदारपणा आटतो. हरणाचे पाडस, वाघाचा बछडा, सिंहाचा वा हत्तीचा छावा, एवढे सांगून झाले की उरलेली सगळी सृष्टी ‘पिल्लू’ या एका शब्दाच्या पदराखाली ढकलली जाते, मग ते अस्वलाचे असो की सीलचे. संस्कृतात थोडी अधिक सोय आहे : हत्तीच्या बाळास कलभ, कोणत्याही श्वापदाच्या बाळास शावक, आणि किशोर म्हणजे घोड्याचे शिंगरू. आज आपण शाळकरी मुलांच्या मासिकांना जो शब्द इतक्या गांभीर्याने देतो, तो मुळात तबेल्यातला आहे, हे कळल्यापासून मला तो अधिकच आवडू लागला.

वयाचा निर्णय ग्रंथकर्ते कसा करतात, हे मी त्यांच्या खिडकीपाशी बसून पाहिले आहे. दुपारचे ऊन तिरपे आले की ते तिकीट चिमट्याने उचलून काळ्या कागदावर ठेवतात, आणि भिंगातून प्रथम डोळे पाहतात, नंतर कान, नंतर पंज्यांची देहाशी असलेली प्रमाणबद्धता, आणि सर्वांत शेवटी चित्राखालची अक्षरे. ‘अक्षरे आधी वाचली की डोळ्यांना आळस येतो,’ हे त्यांचे वाक्य. या दृष्टीने पाहू लागले म्हणजे एक गोष्ट लौकरच ध्यानात येते, ती ही की, जगातील टपालखात्यांस अगदी नवजात पिल्लू मुळीच मानवत नाही. तांबड्या कांगारूचे पोर सुमारे ३३ दिवसांच्या गर्भवासानंतर जन्मते तेव्हा त्याचे वजन एक ग्रॅमही नसते. आंधळे, उघडे, घेवड्याच्या दाण्याएवढे ते प्राणिमात्र आपल्या पुढच्या पायांनी आईच्या केसांतून स्वतः वर चढत पिशवी गाठते. जन्मकथेत याहून रोमहर्षक प्रवास शोधून सापडणार नाही. पण तिकिटावर येते ते पिशवीतून मान बाहेर काढून जगाकडे पाहणारे पोर, म्हणजे निदान पाच महिन्यांचे, अंगावर लव आलेले, सुबक. पांडाचेही तसेच. चीनने १९६३ च्या ऑगस्टात वू झुओरेन या थोर चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेली पांडाची तीन तिकिटे काढली. काळ्या शाईचे ओले ठिपके आणि कोरा कागद यांतून जनावराचे वजन उभे करण्याची त्यांची हातोटी अशी की, ती तिकिटे पाहून पुष्कळ छायाचित्रे फिकी वाटावीत. योगायोग असा की, त्यानंतर अवघ्या महिन्याने, ९ सप्टेंबरला, पेकिंगच्या प्राणिसंग्रहालयात मिंग मिंग हे पिल्लू जन्मले : मानवाच्या आश्रयास जन्मलेला जगातील पहिला पांडा. पांडाचे नवजात पिल्लू शंभर-सव्वाशे ग्रॅमचे, गुलाबी, केसविरहित, आईच्या वजनाचा सुमारे नऊशेवा हिस्सा. त्या गुलाबी जिवाचे तिकीट ग्रंथकर्त्यांस अद्याप मिळालेले नाही, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याच्यासाठी आखलेला चौकोन तसाच कोरा छापला आहे. मुद्रकाने ती चूक समजून दोनदा विचारणा केली.

आता मी ज्या पानासाठी ही प्रस्तावना लिहावयास राजी झालो त्या पानाकडे वळतो. न्यूफाउंडलंड हा उत्तर अटलांटिकमधला मुलूख १९४९ साली कॅनडात सामील होईपर्यंत आपली स्वतःची तिकिटे काढीत असे, आणि मासे व सील हाच त्या मुलखाचा जमीन-जुमला व महसूल असल्यामुळे तिकिटांवर तीच येत. १८६५ च्या मालिकेत त्यांनी बर्फावर बसलेला सील काढला. परंतु न्यूयॉर्कच्या खोदकामगाराने त्याला वल्ह्यांसारख्या परांऐवजी बोटे असलेले पंजे दिले, आणि त्या पंज्यांवरून संग्राहकांत आजतागायत कज्जे चालू आहेत. १९३२ ची मालिका निराळी. ती लंडनच्या पर्किन्स बेकन या पेढीने कोरली, व्हिक्टोरियाचे ते पहिले तिकीट छापणारी पेढी हीच. या मालिकेत सहा सेंटांच्या तिकिटावर एलिझाबेथ ही पाच-सहा वर्षांची राजकन्या आहे. पंधरा सेंटांच्या तिकिटावर, किरमिजी रंगात, बर्फावर पहुडलेले हार्प सीलचे पिल्लू आहे. आणि पंचवीस सेंटांच्या तिकिटावर सीलच्या शिकारीस निघालेला जहाजांचा ताफा आहे.

ही तीन तिकिटे ग्रंथकर्त्यांनी एकाच पानावर लावली आहेत, आणि खाली स्पष्टीकरणादाखल एक अक्षरही लिहिलेले नाही. ते काम प्रस्तावनाकाराचे, असे त्यांनी मला बजावले. तेव्हा सांगतो. हार्प सीलची मादी फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये तरंगत्या बर्फावर एकाच पिल्लास जन्म देते. जन्मतः ते सुमारे अकरा किलोंचे असते, आणि तीन-एक दिवसांत त्याची लव शुभ्र होते. आईच्या दुधात जवळजवळ निम्मा अंश चरबीचा असतो. आपल्या म्हशीच्या दुधात तो सात-आठ टक्के असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दुधाची कल्पना येईल, किंवा येणारही नाही. पिल्लू रोज दोन किलोंहून अधिक वाढते, आणि बाराव्या दिवसाच्या सुमारास, ते पस्तीस किलोंच्या आसपास पोचले असता, आई त्यास बर्फावर तसेच टाकून निघून जाते, ती पुन्हा येत नाही. यानंतर ते गोलमटोल पोर कित्येक आठवडे उपाशीच पडून असते, अंगच्या चरबीवर जगते, पांढरी लव झडून करडी कातडी येते, आणि मग भूकच त्यास पाण्यात लोटते. म्हणजे ज्या शुभ्र लवेमुळे ते तिकिटावर चढण्यास पात्र ठरले, ती लव त्याच्या अंगावर जेमतेम दोन-तीन आठवडे राहावयाची. आणि जहाजांचा ताफा मार्चमध्ये निघे तो नेमका त्याच दोन-तीन आठवड्यांसाठी, कारण बाजारात भाव त्याच लवेला होता. पंधरा सेंटांतले पिल्लू आणि पंचवीस सेंटांतला ताफा यांच्यामध्ये फक्त वीस सेंटांचे केप रेसचे भूशिर आहे.

यात सरकारने काही उपरोध योजला असेल असे मला वाटत नाही. दरबारी दप्तरात उपरोधाला खाते नसते. पिल्लू हे त्या मुलखाचे उत्पन्न होते, ताफा हेही उत्पन्नच, आणि राजकन्या ही निष्ठेची बाब. तिन्ही रकमा एकाच वहीत जमेच्या बाजूस रुजू झाल्या. पुढे अर्धशतकाने वारे फिरले. या शुभ्र पिल्लांच्या कातड्यांची आयात युरोपीय देशांच्या संघाने १९८३ साली बंद केली, आणि १९८७ साली कॅनडानेही त्यांची व्यापारी शिकार थांबविली. या शिकारीविरुद्धच्या चळवळीत जी चित्रे जगभर फिरली त्यांत पिल्लू त्याच वयाचे होते, तसेच बर्फावर पहुडलेले, तसेच थेट पाहणाऱ्याकडे डोळे लावलेले. तिकीट आणि निषेधपत्रक यांनी एकच मुद्रा वापरली, हे मला या पानाने शिकविले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या दिवशी चहा गार होईपर्यंत मी ते पान उलटू शकलो नाही.

सीलच्या पुढे वयाने थोडे मोठे, सुमारे तीन महिन्यांचे, एक अस्वलाचे पोर येते. अमेरिकेच्या वनखात्याने १९४४ सालापासून वणव्यांविरुद्ध जो प्रचार चालविला त्यासाठी टोपी घातलेले ‘स्मोकी’ नावाचे एक अस्वल चित्रकारांनी कल्पिले होते. मे १९५० मध्ये न्यू मेक्सिकोतील कॅपिटन डोंगरात भडकलेल्या वणव्यातून काळ्या अस्वलाचे एक पिल्लू जळक्या झाडाला बिलगलेले सापडले, पंजे व मागचे पाय भाजलेले. त्याला लहान विमानाने सांता फे येथे उपचारास नेले, आणि कल्पनेतले नाव हाडामांसाच्या जिवास चिकटले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात तो जन्मभर राहिला. मुले त्यास इतकी पत्रे लिहीत की, १९६४ साली टपालखात्यास त्याच्यासाठी स्वतंत्र वाटप-क्रमांक द्यावा लागला : २०२५२. एका अस्वलाचा स्वतःचा पिनकोड! टपाल-डब्यात आयुष्य घालविलेल्या माणसास याहून मोठा सन्मान ठाऊक नाही, हे सांगताना आमच्या स्नेह्यांचा आवाज किंचित चढला. आणि लगेच त्यांनी मला आठवण दिली की, आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झालेली पिनकोडाची योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. सहा आकड्यांत हिंदुस्थान बसविणाऱ्या माणसाला कलभ आणि शावक यांतला भेद समजावून सांगावा लागला नसता.

१९८४ साली निघालेल्या वीस सेंटांच्या तिकिटावर, जे वनखात्याचेच चित्रकार रुडॉल्फ वेंडेलिन यांनी रेखाटले, जळक्या खोडाला घट्ट धरून राहिलेले पिल्लू आहे आणि टोपी घातलेले ते परिचित मुखही आहे. खरा स्मोकी तोवर आठ वर्षांपूर्वीच, १९७६ साली, वृद्धापकाळाने मरून कॅपिटनच्याच मातीत पुरला गेला होता. तिकिटाने त्याला पुन्हा झाडावर चढविले. माझ्या मते हे या पुस्तकातील सर्वोत्तम चित्र नव्हे; पिल्लाच्या चेहऱ्यावरचे भाव जरा जास्तच माणसाळलेले आहेत. पण त्याचा पंजा पाहा. भाजलेला पंजा खोडाला कसा धरील हे ज्याने विचारपूर्वक काढले त्याच्या बाकीच्या गोडव्याबद्दल तक्रार करण्याचे मला सुचत नाही.

गोडव्याचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. कोनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ साली असे मांडले की, मोठे कपाळ, खाली सरकलेले मोठे डोळे, गोबरे गाल आणि आखूड हातपाय हे पाहताच मनुष्याच्या ठायी आपोआप वात्सल्य उपजते, मग ते अपत्य कोणत्याही जातीचे असो. ही किल्ली चित्रकारांच्या हाती पूर्वीपासून होतीच. टपालखात्यांनी ती सढळ हाताने फिरविली. अनेक देशांच्या तिकिटांवरील बछडे पाहिले की ते वाघिणीच्या पोटी जन्मले की खेळण्यांच्या कारखान्यात, हा संशय येतो. अशी तिकिटे ग्रंथकर्त्यांनी वगळली आहेत. सोव्हिएत रशियाने १९८७ साली काढलेल्या ध्रुवीय अस्वलांच्या चार तिकिटांना त्यांनी जागा दिली, कारण त्यांतली माता आपल्या पिल्लांकडे पाहते आहे, आपल्याकडे नव्हे.

आपल्या वाचकांना ‘पाडस’ हा शब्द ऐकताच राम पटवर्धनांनी केलेला मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा अनुवाद आठवेल. अमेरिकेने २००८ च्या फेब्रुवारीत या लेखिकेचे एक्केचाळीस सेंटांचे तिकीट काढले, आणि तिच्या चित्रामागे फ्लोरिडाच्या रानात एक ठिपक्यांचे पाडस उभे केले. पांढऱ्या शेपटीच्या त्या हरणांच्या पिल्लांचे ठिपके तीन-चार महिन्यांतच जातात, तेव्हा पाडसाचे वय ठरविण्यास भिंगाचीही गरज पडली नाही. कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना हे ठिपके गेल्यावर काय होते ते सांगावयास नको. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी मी ते येथे सांगून ठेवणार नाही. आपल्या चितळाची गोष्ट वेगळी : त्याचे ठिपके म्हातारपणीही अंगावर राहतात. कोणे एके काळी आपल्या दहा पैशांच्या रोजच्या तिकिटावर, नाशिकरोडच्या छापखान्यातून निघून, हे चितळ लाखो पत्रांवर हिंडत होते, आणि ठिपक्यांवरून वय ठरविणाऱ्या एखाद्या परदेशी संग्राहकाने त्या पुऱ्या वाढलेल्या जनावराला बालक समजून आपल्या वहीत नोंदले असेल, अशी शंका ग्रंथकर्त्यांनी एका तळटिपेत व्यक्त केली आहे. तळटीप मजेची आहे. पुराव्याची नाही.

बर्लिनच्या क्नूटची हकीकत वृत्तपत्रांतून सर्वांना ठाऊक झाली असल्यामुळे ती थोडक्यात आटोपतो. ५ डिसेंबर २००६ ला जन्मलेले, ८१० ग्रॅम वजनाचे, आईने नाकारलेले हे ध्रुवीय अस्वलाचे पोर थोमास डॉर्फ्लाइन या रखवालदाराने बाटलीने दूध पाजून, रात्री त्याच्याजवळ निजून वाढविले. एप्रिल २००८ मध्ये जर्मनीने त्याचे तिकीट काढले, पर्यावरण-रक्षणार्थ पंचवीस सेंटांच्या अधिभारासह. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रखवालदार वारला, आणि मार्च २०११ मध्ये मेंदूच्या विकाराने अस्वलही. तिकीट निघाले तेव्हा क्नूट सोळा महिन्यांचा आणि शंभर किलोंच्या पुढचा होता. ज्याच्यासाठी लोकांनी रांगा लावल्या ते पिल्लू तोवर उरलेच नव्हते. ग्रंथकर्त्यांनी हे तिकीट दोन वेळा वय खोडून तिसऱ्यांदा नोंदले आहे, ती खोडाखोड छायाचित्रात तशीच दिसू दिली आहे.

एकच नोंद अशी आहे की जिच्यावर माझा आणि त्यांचा मतभेद अद्याप मिटलेला नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शताब्दीनिमित्त १९८३ साली आपल्या टपालखात्याने एक रुपयाचे जे तिकीट काढले त्यावर महाधनेश पक्षी आहे, पुरा वाढलेला, भरदार पिवळ्या चोचीचा. पिल्लू कोठेही नाही. तरी हे तिकीट बारनिशीत ‘पहिला आठवडा’ या सदरात लावलेले आहे. मी हरकत घेतली. त्यावर उत्तर असे मिळाले की, धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून दार आतून लिंपून घेते, एक चिंचोळी फट तेवढी ठेवते, आणि नर महिनोन्‌महिने त्या फटीतून तिला व पुढे पिल्लाला फळे भरवीत राहतो. तेव्हा ज्या काळात पिल्लू असते त्या काळात बाहेरून पाहणाऱ्यास नरच दिसणार, आणि टपालखात्याचा चित्रकार ढोलीच्या आत बसलेला नव्हता. या युक्तिवादाला कायद्याच्या भाषेत अनुमान म्हणतात, पुरावा म्हणत नाहीत. मी माझी हरकत येथे रीतसर नोंदवून ठेवतो.

कोरे चौकोन पुस्तकात एकूण अकरा आहेत. गुलाबी पांडाचा पहिला, पिशवीकडे चढणाऱ्या कांगारूचा दुसरा, हत्तीणीच्या बावीस महिन्यांच्या गर्भवासानंतर नुकताच जमिनीवर आलेला, अद्याप सोंडेचे काय करावे हे न कळलेला कलभ तिसरा. बाकीचे वाचकांनी पाहावेत. कोणापाशी यांपैकी एखादे तिकीट असल्यास ते ग्रंथकर्त्यांस पाठवावे, मोबदल्यात त्याच किमतीची दोन मिळतील. मात्र तिकीट पाकिटात घालून पाठवावे, पाकिटावर चिकटवू नये, आणि डिंकाच्या बाजूस बोट लागू देऊ नये, असे त्यांनी मला प्रस्तावनेत अवश्य लिहावयास सांगितले आहे.